अर्जाची शेवटची ओळ

नोटीस तुम्ही, घरांच्या योजनेच्या ऑफिसाने, चुकीच्या दारावर चिकटवलीत. ते दार घणसोलीतच होतं, घराचा नंबरही तोच होता, फक्त सेक्टर दुसरा होता. त्या दारामागच्या माणसाने ती फाडून केरात टाकली असेल तर त्याचा दोष नाही. दोष तुमचा. मग सुनावणीला गिरजाबाई आल्या नाहीत असा शेरा तुम्हीच मारलात, घर त्यांच्या नावावर करायला तुम्हीच नकार दिलात, त्यांना कळेपर्यंत अपिलाची मुदत तुम्हीच सरू दिलीत, आणि झालेल्या उशिराबद्दल माफी मात्र गिरजाबाईंनी मागायची, अशी व्यवस्था करून ठेवलीत. एवढ्या सगळ्याला तुम्हाला एक कागद आणि बोटभर गोंद पुरला.

गिरजाबाई वाशीच्या मार्केटात कांदा निवडायला जातात. नवरा सिताराम रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. जालन्याकडून दोघं आली तेव्हा पोटापुरतं काम होतं आणि झोपायला जागा नव्हती. मग योजनेतलं दोन खोल्यांचं घर सितारामच्या नावावर निघालं. त्याने ते फेडलं, वर पत्रे घातले, मोरीला फरशी केली आणि दोन वर्षांमागे छातीत कळ येऊन गेला. मागे गिरजाबाई आणि मुलगा अभय. अभय द्रोणागिरीला कंटेनरच्या डेपोत गेटवर काम करतो. त्याचं लग्न ठरलंय. मुलीकडच्यांनी मुलगा पाहिला, पण होकार दिला तो घर पाहून, हे अभयला माहीत आहे आणि मुलीकडच्यांनीही ते लपवलेलं नाही.

आता तुमचं म्हणणं असं आलं, की शुक्रवारपर्यंत अपील दाखल झालं नाही तर घराला तुमचं कुलूप लागेल.

अपील लिहिलं प्राची वकिलांनी. तरुण मुलगी, एका म्हाताऱ्या वकिलाच्या हाताखाली काम करणारी. तिने छापलेले कागद टेबलावर ठेवले आणि पेन पुढे केलं.

"इथे, इथे आणि मागच्या पानावर. तीन सह्या, मावशी."

गिरजाबाईंनी पान उलटून पाहिलं. "हे सगळं इंग्लिश हाय."

"हो. पण हकिकत तुमचीच आहे. तुम्ही सांगितलीत तीच."

"माझी हाय तर मला कळाया पायजे ना, पोरी. रविवारी विहारात वाचून घेते, मग करते सही."

प्राचीने अभयकडे पाहिलं. अभय खुर्चीत जरा खाली सरकला. "मॅडम, आमच्याकडे तशी पद्धत आहे. ती नाही ऐकणार."

पद्धत अशी. रविवारी विहारात वंदना झाली की सतरंज्या गुंडाळायच्या आधी कागद वाचतात. ज्याच्या घरी सही मागणारा कागद आला असेल, बँकेचा, शाळेचा, कंत्राटदाराचा, त्याने तो आणायचा. सगळ्यांसमोर वाचायचा, मराठीत फोड करायची, आणि ज्याचा कागद त्याने "समजलं" म्हटलं तरच सही. हे हौसेरावांनी चालू केलं. हौसेराव आयुष्यभर कंपन्यांच्या गेटवर वॉचमन होते आणि न वाचता केलेल्या सह्यांमुळे वस्तीतल्या लोकांच्या नोकऱ्या जाताना त्यांनी पाहिल्या होत्या. न वाचता सही करणाराला विहारात त्या रविवारी चहा नाही, एवढीच शिक्षा. पण चहा सगळ्यांसमोर नाही मिळत, हे फार लागतं.

हे इंग्रजी फोडून सांगणारं विहारात कुणी नव्हतं, म्हणून प्राचीलाच यावं लागलं. तिला खुर्ची दिली, ती सतरंजीवर बसली. बायकांना ते आवडलं.

"पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली. "'द अपेलंट मोस्ट हम्बली शोएथ.' म्हणजे अपील करणारी अत्यंत नम्रपणे दाखवून देते की."

"शोएथ काय भानगड हाय?" हौसेरावांनी विचारलं.

"'शोज'चं जुनं रूप आहे, काका. दोन-तीनशे वर्षांपूर्वी असं बोलायचे. आता इंग्लंडातही कुणी बोलत नाही."

"म्हंजे मेलं ते."

"हो, मेलंच."

"आन तुमी अजून घरात ठिवलंय."

बायका हसल्या, प्राचीही हसली. पुढे 'अफोरसेड' आलं, तिने सांगितलं, वर सांगितलेलं ते. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आपल्या सातबाऱ्याच्या कागदावर सदरहू असतंय बग, तसंच." 'हियरइनआफ्टर' आलं, इथून पुढे. 'वेअरफोर' आलं, म्हणून. माणसं मान हलवत होती. हे शब्द म्हणजे जुनी भांडी होती, बेढब होती, पण त्यांनी कुणाला कापलं नसतं.

गिरजाबाई ऐकत होत्या. कांदा निवडताना त्या कधी कांदा कापून बघत नाहीत. अंगठ्याने दाबतात. घट्ट लागला की पुढे टाकतात. तसंच त्यांचं आतून चाललं होतं. हा शब्द पुढे. हाही पुढे.

"इथे तुमचं नाव," प्राची म्हणाली. "'विडो अँड रेलिक्ट ऑफ सिताराम.' विडो म्हणजे विधवा."

"आन दुसरं?"

प्राची थांबली. "रेलिक्टही विधवाच. आमच्या सरांच्या जुन्या नमुन्यात आहे, मी तसंच ठेवलं. थांबा." तिने फोनवर शोधलं. "जुना अर्थ आहे, मागे राहिलेली. माणूस गेल्यावर मागे उरलेली."

कुणी हसलं नाही. गिरजाबाईंनी सतरंजीच्या धाग्यावरून बोट फिरवलं.

"ते खरंय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

मग उशिराचा परिच्छेद आला. झालेला विलंब मेहेरबानी करून 'कन्डोन' करावा, म्हणजे माफ करावा. इथे विहारात आवाज वाढला. उशीर कुणी केला, माफी कुणी मागायची, नोटीस कुणाच्या दारावर. हौसेरावांनी हात वर केला. "आधी कागद पुरा होऊ द्या. भांडान नंतर." प्राचीने पान उलटलं आणि शेवटच्या ओळीवर आली. ही ओळ ती रोज टाइप करत होती. ती न बघता म्हणू शकत होती आणि तिने तशीच म्हटली.

"'अँड फॉर धिस अॅक्ट ऑफ काइंडनेस, द अपेलंट, अॅज इन ड्यूटी बाउंड, शॅल एव्हर प्रे.' आणि या कृपेबद्दल अर्जदार, आपलं कर्तव्यच म्हणून, सदैव प्रार्थना करत राहील."

"कोणाची?" गिरजाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"परार्थना. कोणाची करायची?"

"मी कधी विचार केला नाही, मावशी. तुमची मागणी तर वरच्याच परिच्छेदात संपली. ही ओळ नुसती शेवटाला असते." तिने परत फोन काढला आणि बराच वेळ वाचत राहिली.

"पूर्वी राजाकडे अर्ज करायचे," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा शेवटी वचन द्यायचे. तुम्ही माझ्यावर कृपा करा, मी तुमच्या भल्यासाठी देवाकडे प्रार्थना करत राहीन. जन्मभर. ते माझं कर्तव्य."

"विंग्रजांच्या राजासाठी?"

"हो. त्यांच्याकडून आलं ते आपल्याकडे."

"आन देव कोनता?" हौसेरावांनी विचारलं. त्यांचा आवाज मगाचा नव्हता.

प्राचीने मान वर केली. समोर बुद्धाची मूर्ती होती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो. सतरंजीवर बसलेल्या माणसांच्या आईबापांनी देव मानणार नाही, पूजणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतली होती, आणि या माणसांनी ती घरोघर पाळली होती, पाहुणे हसले तरी, सोयरिकी मोडल्या तरी. ती या सगळ्यांच्या समोर बसून सांगत होती, की तुमच्यातली ही बाई एका ऑफिसरच्या भल्यासाठी जन्मभर देवाकडे प्रार्थना करेल.

"मागच्या पानावर काय हाय?" गिरजाबाईंनी विचारलं. "तिसरी सही."

"ते सत्यापन. वर लिहिलेला सगळा मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे असं शपथेवर सांगते."

"मग ही वळ खोटी झाली."

"मावशी, तो नुसता फॉर्म असतो. त्याचा कुणी अर्थ घेत नाही."

"शपथ पन फॉर्मच हाय का?"

प्राचीला राग आला नव्हता. ती त्या ओळीकडे अशी बघत होती, जणू रोज जिन्यातून उतरताना पायाखाली असलेली पायरी आज पहिल्यांदा दिसली.

हौसेरावांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, "गिरजा, समजलं?"

"समजलं."

"सही करतीस?"

"न्हाई."

घरी आल्यावर अभयने पिंपात नळी सोडली, पाणी भरलं, नळी गुंडाळली. मग दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"आई, कुणी वाचत नाही ते. तो क्लार्क नाही वाचत, साहेब नाही वाचत. तू एकटी वाचणार आणि घर जाणार."

"कुनी वाचत न्हाई तर काडून टाकाया काय जातंय त्यांचं?"

"मी डेपोत दिवसभर येस सर, येस सर करतो. ड्रायव्हर शिव्या घालतात तरी येस सर. त्यात माझं मन नसतं. तोंडाने म्हणायचं, गाडी पुढे सोडायची. तसं कर ना."

गिरजाबाईंनी तवा उतरवला. "माजा आजा पाटलाच्या दारावरून जाताना वाकून जोहार घालायचा. समदेच घालायचे. धम्म घेतला त्या साली एक दिस त्यानं घातला न्हाई. बोलला काय न्हाई. सरळ चालत गेला."

"माहीत आहे. सांगितलंयस तू."

"पुढचं न्हाई सांगितलं. पाटील बी काय बोलला न्हाई. पर दुसऱ्या दिसापासून गावच्या गिरनीवर आमचं दळन घेईनात. आजी जोंधळ्याचं गाठुडं डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला जायाची. पार पावसाळा सरंस्तवर. ताठ चालला आजा, मान मोडली आजीची. तिला कुनी विचारलं न्हवतं." त्या त्याच्याकडे वळल्या. "म्हून तुला विचारते. घर तुजं बी हाय. लगीन तुजं हाय. तू म्हन, सही कर. म्या करीन."

अभयला हे अपेक्षित नव्हतं. त्याला वाटलं होतं आई भांडेल, आणि आपण भांडू, आणि शेवटी ती दमेल. त्याने चौकटीचा निघालेला रंग नखाने अजून थोडा काढला.

"असं माझ्यावर नको टाकू," तो म्हणाला.

"टाकत न्हाई. विचारतेय."

"मग आधी वकीलबाईंना विचार, ती ओळ कायद्यात आहे का. असेल तर सही कर, मी म्हणतो कर. नसेल तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "नसेल तर बघू."

गिरजाबाईंनी भाकरी वाढली. पोरगं शहाणं झालंय, असं त्यांना वाटलं, पण ते सांगण्यासारखी वेळ नव्हती.

दोघं वकिलाकडे गेली तेव्हा प्राचीने नियमांचं पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं. रविवारपासून तिला स्वतःलाच ते कुरतडत होतं.

"कन्डोन हा शब्द कायद्यात आहे," ती म्हणाली. "उशीर झाला की तो माफ करण्याचा अर्ज लागतोच. तो काढला तर अपील टिकणार नाही."

"कायद्यात हाय तर ऱ्हाऊ द्या," गिरजाबाई म्हणाल्या. "कायदा आपलाच हाय. पर उशीर कुनामुळं झाला ते तितंच लिवा, ठळक."

"लिहिते." प्राचीने त्याच परिच्छेदाच्या समासात नोटीस चुकीच्या दारावर लागल्याचं हाताने ठळक लिहिलं. "आणि शेवटची ओळ..." तिने पुस्तक मिटलं. "कुठेच नाही. कायद्यात नाही, नियमात नाही, जोडलेल्या नमुन्यातही नाही. मी तीनदा पाहिलं. सवय आहे फक्त. सरांना विचारलं तर म्हणाले, आमच्याही सरांनी शिकवलं, राहू दे."

"मराठीत केला अर्ज तर?" अभयने विचारलं.

"चालतो. पण मराठी नमुना 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी'ने सुरू होतो. बघा, काय फरक पडतो ते."

अभय पहिल्यांदा हसला.

"आज दुसरी प्रत काढते, ओळ नसलेली," प्राची म्हणाली.

"दुसरी नगं. हीच द्या." गिरजाबाईंनी पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीवरून एक रेघ ओढली, कांद्याच्या गोणीचं तोंड शिवावं तशी, टोकापासून टोकापर्यंत. वर 'हम्बली'वरही एक ओढली. "खोडलेलं दिसाया पायजे. गुपचूप गाळलं तर त्यांना वाटंल ऱ्हाऊन गेलं."

"खाडाखोडीजवळ सही लागते, मावशी. नाहीतर ती धरत नाहीत."

गिरजाबाईंनी दोन्ही रेघांच्या आणि समासातल्या मजकुराच्या बाजूला सही केली. मग रेलिक्टच्या ओळीखाली, अपिलाच्या शेवटी आणि मग मागच्या पानावर, शपथेखाली.

शुक्रवारी ऑफिसात खिडकीवर श्यामसुंदर नावाचे क्लार्क होते. चष्मा दोरीला बांधलेला, समोर शिक्का, शिक्क्याखाली ओलसर गादी. वाईट माणूस नव्हता. गिरजाबाईंना त्यांनी पंख्याखालच्या बाकावर बसायला सांगितलं होतं. त्यांची कामाची रीत अशी, की अर्ज हातात आला की पहिलं पान बघायचं, मग एकदम शेवटचं. शेवटी ती ओळ दिसली की अर्ज पूर्ण. मधलं साहेबांचं काम.

"हे काय खोडलंय?"

"पक्षकाराने स्वतः खोडलंय," प्राची म्हणाली. "बाजूला सही आहे."

"ते दिसतंय हो मॅडम. पण का?"

"मला परार्थना करायची न्हाई," गिरजाबाई बाकावरून म्हणाल्या.

श्यामसुंदरांनी चष्मा लावला, काढला. "बाई, इथे बत्तीस वर्षं आहे मी. ही ओळ नसलेला अर्ज आलाच नाही कधी. ही नसली की अर्ज संपल्यासारखा वाटत नाही. मॅडम, तुम्ही तरी समजवा. खाली हाताने लिहा एवढं वाक्य, मी शिक्का मारतो. जेवायच्या आत मोकळ्या व्हाल."

अभयने पेन आईच्या हातात दिलं नाही, पण खिशातून काढून हातात धरलं. गिरजाबाईंनी ते पाहिलं. घर त्यांच्या डोळ्यासमोर आलं, सगळं एकदम नाही, नुसती मोरीची फरशी, सितारामने उकिडवं बसून बसवलेली. हात पुढे केला असता तर पेन मिळालं असतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कोनत्या नियमात हाय ते दाखवा. म्या लिवते."

श्यामसुंदर आत गेले. दार लोटलेलं होतं, तरी "कोण बाई?" आणि "पद्धत आहे म्हणावं" एवढं बाहेर ऐकू आलं. ते परतले ते अर्जावर काहीतरी लिहीतच. त्यांनी शिक्का मारला, नंबर घातला, पोचपावती फाडून दिली. अभयने पेन परत खिशात ठेवलं. नंबर पडला म्हणजे आज कुलूप नाही.

"दाखल झालंय," श्यामसुंदर म्हणाले. "पण साहेबांची हरकत आहे. अंतिम वाक्य नसल्याने अर्ज अपूर्ण. सात दिवसांत पूर्तता करा, नाहीतर अर्ज निकाली निघेल. म्हणजे परत होतात तिथेच याल, बाई. कशाला हट्ट?"

गिरजाबाईंनी पावती पदराच्या टोकाला बांधली. "हरकतीला उत्तर देता येतं ना?"

"येतं की."

"मग सात दिस कशाला? लिव गं, पोरी. मराठीत लिव. वर मेहेरबान लिवू नगंस."

प्राची बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि मांडीवर फाइल घेऊन लिहू लागली. गिरजाबाई सांगत होत्या, ती शब्द तेवढे सरळ करत होती. अभय उभा राहून वाचत होता. श्यामसुंदर दुसऱ्याचा अर्ज हातात घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. लिहून झाल्यावर प्राचीने ते हळू आवाजात वाचून दाखवलं.

"हरकतीस उत्तर. मी गिरजाबाई, सितारामच्या मागे राहिलेली. घर माझ्या नवऱ्याने फेडलेलं आहे आणि ते नावावर होणं हा माझा हक्क आहे. तुम्ही तो दिलात तर ती कृपा नाही, ते तुमचं काम आहे. तुमच्या कामाबद्दल मी तुमच्यासाठी देवाकडे जन्मभर प्रार्थना करीन, असं तुम्हाला माझ्याकडून शपथेवर लिहून हवं आहे. मी देव मानत नाही. लिहून दिलं तर खोटी शपथ होईल, आणि खोट्या शपथेला तुमच्याच कायद्यात शिक्षा आहे. ही ओळ कोणत्या कायद्यात, कोणत्या नियमात, कोणत्या कलमात आहे ते दाखवा, मी आजच्या आज लिहून देते. नसेल तर नाही असं लिहा, खाली सही करा आणि हुद्दा घाला. पद्धत आहे असं तोंडी सांगू नका. तुम्ही न वाचता सह्या घेता, मी वाचून सही करते. आता हे तुम्ही वाचा आणि लेखी उत्तर द्या."

"समजलं?" प्राचीने विचारलं.

"समजलं," गिरजाबाई म्हणाल्या आणि सही केली. मग कागद खिडकीतून आत सरकवला. "न्या आत, साहेब. म्या इथंच बसते. उत्तर घेऊन या."